‘रायनाक’ : एका नावाचा अर्थ आणि त्याची कैद

ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर उभे राहिले की दोन मुलूख दिसतात. पूर्वेकडे मुळशीचा मावळ आणि धरणाचे पाणी. पश्चिमेकडे उतरणारा रस्ता निजामपूर, माणगाव करीत पुढे महाडच्या वाटेला मिळतो. आपल्या चळवळीच्या इतिहासातली दोन ठिकाणे या घाटाच्या दोन अंगांना आहेत. पूर्वेला पुण्यापलीकडे भीमेच्या काठी कोरेगाव आणि पश्चिमेला महाड. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. या घटनांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पुढेही लिहिले जाईल. या लेखाचा विषय त्यांच्या मानाने लहान आहे. कोरेगावच्या दगडावर आणि महाडच्या मातीत सापडणाऱ्या एका नावाच्या शेपटाचा तो आहे. ते शेपूट म्हणजे ‘नाक’. रायनाक, हरनाक, सोमनाक, विठनाक, धोंडनाक या नावांमधले.

हा विषय सुचण्याचे कारण साधे आहे. याच मावळ भागातल्या काही विद्यार्थ्यांना मी एकदा आपल्या घराण्यातली जुनी नावे कागदावर लिहून आणायला सांगितले होते. आजा, पणजा, खापरपणजा, जेवढी आठवतील तेवढी. एका मुलाने वतनाच्या जुन्या कागदावरून नाव उतरवून आणले होते. वर्गात ते वाचताना त्याने शेवटची दोन अक्षरे गिळली. कागदावर ‘नाक’ होते, तोंडातून ते बाहेर आले नाही. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, पोरं हसतात.” हसणाऱ्यांना त्या अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता आणि गिळणाऱ्यालाही नव्हता. ज्या अक्षरांची लाज वाटते त्यांचा अर्थ तरी आपण शोधला आहे का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

१. नाव कोणी ठेवायचे?

आपल्या समाजात नाव ही खाजगी बाब कधीच नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलाचे नाव कसे असावे याचा स्पष्ट नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे असे तो सांगतो. त्याच्याच पुढचा श्लोक नावाच्या दुसऱ्या पदाविषयी आहे. त्यानुसार ब्राह्मणाच्या नावातून कल्याण, क्षत्रियाच्या नावातून रक्षण, वैश्याच्या नावातून समृद्धी आणि शूद्राच्या नावातून दास्य सूचित व्हावे. चार वर्णांबाहेर टाकलेल्यांचा तर या नियमात विचारही नाही. ज्याला गावात घर नाही त्याच्या नावाची उठाठेव शास्त्राने कशाला करावी?

पण हा नियम जमिनीवर जसाच्या तसा चालला असे समजणे चूक ठरेल. धोंडू, दगडू, कचरू, केरबा ही नावे आपल्या वस्त्यांतून सर्रास आढळतात म्हणून ती सगळी मनूच्या आज्ञेने आली, असे आपले वक्ते पुष्कळदा म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. मुले जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून पुढच्या मुलाला धोंडा, कचरा म्हणायची रीत सगळ्याच जातींत होती. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो होते. १८५७ च्या नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते. म्हणजे धोंडा ब्राह्मणाच्याही घरी होता. भेद धोंड्यात नव्हता, त्याच्या शेपटात होता. ब्राह्मणाचा धोंडोपंत, कुणब्याचा धोंडिबा, महाराचा धोंडनाक. विठ्ठलाचेही तसेच. विठ्ठलपंत म्हटले की एक जात डोळ्यांपुढे येते, विठोजी म्हटले की दुसरी आणि विठनाक म्हटले की तिसरी. देव एकच, पण त्याच्या नावाला लागणारे शेपूट माणसाची पायरी सांगणारे.

ग्रंथातला नियम मराठी मुलखात या मार्गाने उतरला. जातीची नोंद नावाच्या मुळात नव्हे, प्रत्ययात झाली. पाटलाच्या चावडीवर कागद वाचला जाई तेव्हा वाचणाऱ्याला जात वेगळी विचारावी लागत नसे.

२. ‘नाक’ म्हणजे काय?

या दोन अक्षरांची उकल निरनिराळ्या तऱ्हांनी केली जाते. त्यांतल्या तीन आपण पारखून पाहू.

पहिली उकल संस्कृत ‘नाक’ शब्दावरून. संस्कृतात नाक म्हणजे स्वर्ग. ही उकल ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. महारवाड्यातल्या बापाने अमरकोश उघडून मुलाच्या नावाला स्वर्ग जोडला असेल, हे संभवत नाही. शिवाय हा प्रत्यय एखाद्या घराण्याचा नाही, जवळजवळ एका संपूर्ण जातीचा आहे. असा प्रत्यय रोजच्या व्यवहारातल्या शब्दातून येतो, पोथीतल्या शब्दातून येत नाही.

दुसरी उकल ‘नाग’ शब्दावरून. ती आपल्याला जवळची वाटते, कारण नाग लोकांविषयी बाबासाहेबांनी लिहिले आहे आणि १९५६ साली नागपूरच्या भाषणातही नाग लोकांचा उल्लेख केला आहे. ‘नाक’ हे ‘नाग’चेच रूप आहे असे अनेक कार्यकर्ते मानतात. मला ही उकल पटत नाही, आणि जे पटत नाही ते आवडते म्हणून पुढे सांगत राहणे आपल्या चळवळीला शोभणारे नाही. मराठीत नाग हा शब्द नागच राहिला आहे. नागोबा, नागपंचमी, नागपूर, नागठाणे पाहा. कुठेही ‘ग’चा ‘क’ झालेला नाही. मग एका जातीच्या नावांतच तो का व्हावा? याहून मोठा पुरावा एका नावातच आहे. ते नाव म्हणजे ‘नागनाक’. वैराटगडाच्या आणि नागेवाडीच्या पाटीलकीच्या कथेत राजाराम महाराजांच्या काळातला नागनाक महार प्रसिद्ध आहे. ‘नाक’ म्हणजे नागच असता तर या नावाचा अर्थ ‘नागनाग’ झाला असता. नाव ठेवणाऱ्याच्या लेखी नाग आणि नाक हे दोन वेगळे शब्द होते, हे त्यावरून दिसते. बाबासाहेबांचा नागांविषयीचा विचार या प्रत्ययावर उभारलेला नाही. म्हणून हा दुवा सोडल्याने त्या विचाराला बाध येत नाही.

तिसरी उकल ‘नायक’ शब्दावरून. नायक, नाईक, नाक असा हा प्रवास आहे. पदव्या आणि मानाचे शब्द नावाच्या शेवटी लागले की झिजतात, हा मराठीचा स्वभाव आहे. पंडितचा पंत झाला, श्रेष्ठीचा शेट झाला, उपाध्यायाचा पाध्ये झाला. त्याच चालीने नाईकचा नाक झाला. आणि यासाठी केवळ अनुमानावर विसंबण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी सर्वांना ठाऊक आहे. १६७९ साली खांदेरी बेटावरून इंग्रजांशी झालेल्या झुंजीत तो होता. याच माणसाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत मायनाक असेही येते आणि माय नाईक असेही येते. एकाच माणसाच्या नावात नाईक आणि नाक एकमेकांच्या जागी येतात, याहून उघड पुरावा क्वचितच मिळतो.

मायनाक आणखी एक गोष्ट सांगून जातो. तो भंडारी होता, महार नव्हता. म्हणजे सतराव्या शतकात हे शेपूट एकट्या महारांचे नव्हते.

आता ‘रायनाक’ या नावाचा अर्थ लावता येतो. ‘राय’ हे राजा या शब्दाचेच प्राकृतातून आलेले रूप आहे. रायगड, रायाजी, रायबा यांतला राय तोच. नावापुढे लागणारा ‘राव’ही त्याच मुळाचा. म्हणजे रायनाक म्हणजे राजनायक. या नावाचे पहिले पद राजाचे आणि दुसरे पुढाऱ्याचे आहे. ज्या वर्णाला बलाचे आणि रक्षणाचे नाव ठेवण्याचा अधिकार मनूने दिला त्या वर्णाला शोभेल असे हे नाव आहे. आणि ते गावाबाहेर राहणाऱ्या, सावलीचा विटाळ मानल्या गेलेल्या माणसाचे होते.

३. नायक कशाचा?

हे कसे घडले? नाईक हा शब्द मध्ययुगीन दक्षिणेत लहानशा हत्यारबंद टोळीच्या किंवा पहाऱ्याच्या प्रमुखासाठी वापरला जाई. रामोश्यांत, भिल्लांत, बेरडांत नाईक होते. उमाजी नाईक आणि खाज्या नाईक ही नावे इतिहासात आहेतच. कंपनीच्या पलटणीत नाईक हा हुद्दा होता आणि आजच्या भारतीय सैन्यातही ‘नायक’ हा हुद्दा आहे.

महाराचे गावातले काम पाहिले की या शब्दाशी त्याचा संबंध कळतो. वेसकर म्हणून वेशीचा पहारा त्याच्याकडे. रात्रीची गस्त त्याच्याकडे. चोराचा माग काढून तो पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचा, सरकारी वसूल ठाण्यापर्यंत न्यायचा, परमुलखातल्या वाटसराला वाट दाखवायची, हीही कामे त्याचीच. गावाच्या शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, कारण शिवेचा प्रत्येक दगड त्याच्या पायाखालचा होता. घाटमाथ्यावरच्या गावांत या कामाचे मोल जास्त. एका बाजूला कोकण, दुसऱ्या बाजूला देश, मधे रान आणि पाऊस. अशा ठिकाणी वाट आणि शीव जाणणारा माणूस नसेल तर गाव आंधळे होते.

हे काम पहाऱ्याचे आणि जोखमीचे होते. ते करणाऱ्याला नाईक म्हणणे स्वाभाविक होते. गावाला त्याच्या हातातली काठी हवी होती, फक्त त्याचा स्पर्श नको होता. अमृतनाकाची कथा याच विसंगतीची कथा आहे. बेदरच्या बादशहाची बेगम सुखरूप परत आणणारा अमृतनाक, आणि त्याच्या इमानाबद्दल जातीला मिळालेले बावन्न हक्क. ही कथा इतिहास म्हणून कितपत घ्यावी हा वेगळा प्रश्न. पण आपल्या पूर्वजांनी आपल्या हक्कांचे मूळ भिक्षेत न शोधता शौर्यात आणि विश्वासूपणात शोधले, एवढे तिच्यावरून निश्चित कळते. आणि त्या कथेच्या नायकाच्या नावातही नाक आहे.

४. मानाची खूण जातीची खूण कशी झाली?

मग मानाचा शब्द लाजेचा कसा झाला? माझ्या मते याचे उत्तर शब्दात नाही, व्यवस्थेत आहे. ज्या इतर जातींत नाईक होते त्यांनी तो शब्द नावातून काढून आडनावाच्या जागी नेला. उमाजी नाईक म्हटले की नाव वेगळे आणि किताब वेगळा राहतो, किताबाचा मान कायम राहतो. महाराचा नाईक मात्र नावात विरघळला, झिजून नाक झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक मुलाला आपोआप लागू लागला. जो किताब सगळ्यांना जन्मतःच लागतो तो किताब राहत नाही, तो जातीचा शिक्का होतो. वतनाचेही असेच झाले. हक्क म्हणून मिळालेले वतन वेठबिगारीचे दावे झाले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच कारणाने. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली.

रोजच्या हाकेत तर नाकही उरत नसे. कागदावरचा रायनाक पाटलाच्या तोंडी ‘राय्या’ होई आणि धोंडनाकाचा ‘धोंड्या’ होई. म्हणजे जात ओळखायची तेव्हा पूर्ण नाव, आणि माणूस बोलवायचा तेव्हा तोडलेले नाव. दोन्हीकडून नुकसान एकाचेच.

५. दगडावरची नावे

कोरेगावच्या स्तंभाचे महत्त्व या दृष्टीने पुन्हा पाहावे असे मला वाटते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने हा स्तंभ उभारला. १८२१ साली त्याची पायाभरणी झाली. त्यावर कंपनीच्या फौजेतल्या पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतली २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाची आहेत. या लढाईचा अर्थ काय, कंपनीचा हेतू काय, पेशव्यांच्या फौजेत कोण होते, यावर वाद आहेत आणि ते अभ्यासाने व्हावेत. इंग्रजांनी हा स्तंभ आपल्या विजयासाठी उभारला, महारांच्या गौरवासाठी नव्हे, हेही खरे.

पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. ज्यांची नावे गावच्या कागदात बलुत्याच्या हिशेबाला किंवा शिवेच्या साक्षीलाच येत, त्यांची नावे येथे पूर्ण अक्षरांत दगडावर आली. राय्या नाही, रायनाक. काही ठिकाणी बापाचे नावही आहे आणि तेही त्याच प्रत्ययाचे. म्हणजे एका ओळीत दोन पिढ्या. आज त्या २२ जणांची जात आपल्याला कळते ती केवळ या दोन अक्षरांमुळे. ज्या शेपटाने गावाने त्यांना वेगळे काढले, त्याच शेपटाने इतिहासात त्यांना ओळखता येते. ही दोन अक्षरे पुसली असती तर त्यांचे मरण कोणाच्याही नावावर जमा झाले असते.

याच घाटाखाली महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर. पलटणीतून १८८६ साली निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी घेऊन उभे राहिले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, दापोलीला अनार्यदोषपरिहारक मंडळी काढली. महारांची सैन्यभरती बंद होऊ लागली तेव्हा १८९४ साली सरकारकडे अर्ज केला. त्यांचे पूर्ण नाव गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर. विटाळाच्या शास्त्राला जाब विचारणाऱ्या पहिल्या पिढीतल्या या माणसाच्या नावात ‘नाक’ दोनदा येते.

त्याच काळात पलटणीतली दुसरी घराणी वेगळ्या वाटेने गेली. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी, वडील रामजी. म्हणजे त्या घराण्यात ‘जी’ आला. आणि १८९१ साली महूला जन्मलेल्या मुलाला घरात भिवा म्हणत असले तरी जगापुढे तो भीमराव झाला. ‘नाक’ ते ‘जी’ आणि ‘जी’ ते ‘राव’ हा प्रवास केवळ अनुकरणाचा मानू नये. ज्या प्रत्ययांवर वरच्यांनी मालकी सांगितली होती ते प्रत्यय आपल्या मुलाच्या नावाला लावणे म्हणजे पाणवठ्याला हात लावण्यासारखेच होते.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर हा प्रवास निराळ्या दिशेला वळला. प्रत्ययाची चढाओढच संपली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक. या नावांना शेपूट नाही. त्यांना पंतही लागत नाही आणि नाकही लागत नाही. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५० सालचे. ही नावे आधी शिक्षणसंस्थांच्या दारावर लागली आणि मग घराघरांतल्या पाळण्यांवर गेली. मुलाचे नाव शाळेच्या पाटीवरून येणे ही आपल्या समाजाच्या इतिहासातली लहान घटना नव्हे.

६. आता काय करायचे?

मग ‘नाक’ आता विसरायचे का? मुलांना पुन्हा रायनाक, हरनाक अशी नावे ठेवा असे मी म्हणत नाही. मागे जाण्यासाठी आपण नावे बदलली नाहीत. पण टाकलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू यांत फरक आहे. आपण हे शेपूट टाकले ते योग्यच केले, मात्र त्याबरोबर त्याचा अर्थही हरवू दिला. ती चूक सुधारता येण्यासारखी आहे.

मुळशी धरणाची गोष्ट याच संदर्भात ध्यानात घ्यावी. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि तो १९२४ पर्यंत चालला, तरी धरण झाले. पाण्याखाली शेते गेली, देवळे गेली, त्यांच्याबरोबर गावकुसाबाहेरच्या वस्त्या आणि शिवेचे दगडही गेले. सत्याग्रहाच्या इतिहासात खातेदारांच्या जमिनीचा हिशेब आहे. ज्याची साक्ष त्या शिवेवर चालत होती त्या माणसाचे नाव कोणत्या हिशेबात आहे? शीव बुडाली की शिवेचा साक्षीदारही बुडतो. उरतो तो फक्त कागद.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. आपापल्या गावचे वतनाचे कागद, शाळेची जुनी दाखलबुके, पलटणीतून सुटल्याचे दाखले, घरातल्या ट्रंकेतली पिवळी पाने शोधा. त्यांत जे नाव असेल ते जसे आहे तसे उतरवून घ्या. ‘नाक’ असेल तर ‘नाक’ लिहा, सुधारून ‘राव’ करू नका. बापाचे नाव, गाव आणि साल त्यापुढे नोंदवा. एका तालुक्यातून अशी शंभर नावे जमली तरी कोणत्या काळापर्यंत हे शेपूट चालले, कोठे आधी गळले आणि पलटणीतल्या घराण्यांत काय झाले याचे चित्र उभे राहील. हे काम विद्यापीठाच्या परवानगीवाचून करता येते.

मुळशीच्या शेजारच्या मावळात कार्ल्याच्या लेण्यात दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले आहे. त्या लेण्यात दान देणाऱ्याला आणि घाम गाळणाऱ्याला आपले नाव लिहिण्याचा हक्क होता. पुढच्या काळाने तो काढून घेतला. तो परत मिळवणे हे आपल्या इतिहासलेखनाचे पहिले काम आहे.

त्या मुलाला मी नंतर हे सगळे समजावून सांगितले. पंडितचा पंत कसा झाला, नाईकचा नाक कसा झाला, मायनाक भंडारी कोण होता आणि कोरेगावच्या दगडावर कोणाची नावे आहेत. मग त्याने आपल्या खापरपणजाचे नाव पुन्हा एकदा वाचले, या वेळी पूर्ण, आणि वर्गात कोणी हसले नाही.